व्यायामात कृतज्ञता नेमकी कुठे बसवायची: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

व्यायाम कसाबसा का होईना चालू आहे. कुणीतरी सांगितलं, व्यायाम करताना मनात कृतज्ञता ठेवा, फरक पडतो. मग चालता चालता मनातल्या मनात 'सगळ्यांचे आभार, देवाचे आभार' सुरू झालं आणि पंधरा दिवसांत बंदही पडलं. काहींचा तर त्यासोबत व्यायामही गेला. असं ज्यांचं झालं, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

यात बहुतेकांचं बिनसतं ते क्रमात. दमछाक चालू असताना कृतज्ञता आठवायला जातात, ती मोघम ठेवतात आणि मनातून बाहेर काढतच नाहीत. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. मधला एखादा टप्पा गाळून पुढे गेलात तर फार तर चार दिवस चालेल.

१. आधी व्यायाम रुळावर आणा

दोन्ही गोष्टी एकाच सोमवारी सुरू करू नका. एक अडली की दुसरीही अडते. निदान दोन-तीन आठवडे नुसता व्यायाम करा. कृतज्ञतेचं नावही काढू नका.

किती व्यायाम? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम आणि शिवाय निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. पहिल्याच आठवड्यात तिथे पोचायची घाई नको. रोज वीस मिनिटं भराभर चालणं ही चांगली सुरुवात आहे. आणि '२१ दिवसांत सवय लागते' हे डोक्यातून काढून टाका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला.

सोलापुरात वेळ ठरवताना दोन गोष्टी बघाव्याच लागतात. पहिली म्हणजे ऊन. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत सकाळी सातच्या आत व्यायाम उरकायला हवा. साडेआठला कंबर तलावाच्या काठावर घाम गाळणं हे शौर्य नाही, अंगाशी येणारा प्रकार आहे. दुसरी गोष्ट म्हणजे पाणी. नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि त्या पहाटे घरातलं प्रत्येक माणूस पिंप, बादल्या, घागरी यांत अडकलेलं असतं. त्या दिवशी चालायला जाणं होत नाही, मग 'आज राहिलंच, आता उद्या बघू' सुरू होतं. म्हणून पाण्याच्या दिवसाचा व्यायाम आधीच ठरवून ठेवा: घरातल्या घरात सहा सूर्यनमस्कार आणि वीस बैठका. दहा-पंधरा मिनिटांत होतं.

*इशारा:* मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर व्यायाम किती आणि कोणता हे आधी डॉक्टरांना विचारा.

*तपासणी:* गेल्या दोन आठवड्यांत दहा दिवस तरी, थोडा का असेना, व्यायाम झाला का? झाला असेल तर पुढे या. नसेल तर इथेच थांबा, घाई कुणालाच नाही.

२. वही आणि यादी

सामान फक्त एक छोटी वही आणि एक पेन. शाळेची चाळीस पानी वही पुरते. ती चपलांच्या रॅकवर किंवा बूट ठेवता तिथे ठेवा, कपाटात नको. मोबाइलमध्ये लिहू नका. लिहायला म्हणून उघडलेल्या मोबाइलवर पाच मिनिटांनी तुम्ही लग्नाच्या ग्रुपवरचे फोटो बघत असता.

आता वहीच्या शेवटच्या पानावर एक यादी करा. तुमचा व्यायाम ज्यांच्यामुळे होतो, अशी माणसं. इथे बरेच जण 'आई-वडील, गुरुजन, मित्रपरिवार' असं लग्नपत्रिकेच्या भाषेत लिहून मोकळे होतात. ते चालणार नाही. नेमकी माणसं हवीत. पाण्याच्या दिवशी तुमच्या वाटणीच्या घागरी भरणारी वहिनी. तुम्ही पोचायच्या आत रस्ता झाडून जाणारी सफाई कामगार. मैदानाचं फाटक उघडणारा वॉचमन. तालमीत चुकीची बैठक बघून ओरडणारे वस्ताद. गुडघ्याचे व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट. रात्रपाळी बदलून घेणारा कारखान्यातला जोडीदार. दहा-बारा नावं सहज निघतील. नाव माहीत नसेल तर काम लिहा, आणि जमलं तर त्या आठवड्यात नाव विचारून घ्या.

देवाचं काय? देवाला वेगळी ओळ द्या, पहिली द्या. पण सगळं देवाच्या खात्यात टाकलं की घागर भरणारी वहिनी हिशेबातून सुटते, आणि नेमकं तेच घडताना मी पाहतो.

३. तीन जागा ठरवा, चौथी नको

दिवसभर कृतज्ञ राहायचा संकल्प कुणी पाळलेला मला माहीत नाही. व्यायामातल्या तीनच जागा पक्क्या करा:

(अ) सुरुवात: बूट बांधताना किंवा चटई अंथरताना.
(आ) मधल्या विश्रांती: दोन सेटमधलं किंवा दोन फेऱ्यांमधलं थांबणं.
(इ) शेवटची पाच-सात मिनिटं: अंग थंड होताना.

पहिल्या जागेचा नमुना तालमीत आयता आहे. पैलवान आखाड्यात उतरताना वाकून लाल माती कपाळाला लावतो आणि मारुतीला हात जोडतो. काही सेकंदांचं काम, पण रोज त्याच जागी, अंगानेच केलेलं. त्यात भाषण नसतं. तुम्हीही तेवढंच करा: बुटाची नाडी बांधून झाली की हात क्षणभर बुटावर राहू द्या आणि आज पायांकडून काय काम घेणार आहात ते मनात म्हणा. 'आज तळ्याच्या दोन फेऱ्या.' बस्स.

सूर्यनमस्कार घालणाऱ्यांना वेगळं काही शोधायचं कारण नाही. 'ॐ मित्राय नमः'पासून बारा नावं असतातच. फक्त ती एका श्वासात गडगडत उरकू नका. एक नाव, एक नमस्कार, मध्ये एक पूर्ण श्वास.

*नेहमीची चूक:* सुरुवातीलाच डोळे मिटून दहा मिनिटं बसणं. चांगलं वाटतं, पण तेवढ्यात ऊन वर येतं, मुलांच्या डब्याची वेळ होते आणि व्यायाम कापला जातो. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ इथे द्यायचा नाही.

४. वॉर्म-अप: जो अवयव काल राबला, त्याच्यापासून सुरू करा

पाच ते दहा मिनिटं. बहुतेक जण मान, खांदे, कंबर, गुडघे असा शाळेतल्या कवायतीचा क्रम धरतात. त्याला हरकत नाही, पण पहिला मान काल सगळ्यात जास्त वापरलेल्या भागाला द्या.

दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाईने बोटांपासून सुरू करावं. मुठी उघडझाप, मनगटं दोन्ही बाजूंनी गोल, मग मान आणि पाठ. पॉवरलूमवर आठ-बारा तास उभं राहणाऱ्याने पोटऱ्यांपासून: भिंतीला हात टेकून टाचा उचलायच्या, हळू खाली आणायच्या, दहा-बारा वेळा. संगणकासमोर बसणाऱ्याने खांदे आणि कंबर. बोटं फिरवताना 'काल या बोटांनी एवढं काम केलं' एवढी जाणीव पुरे. तोंडाने काही म्हणायची गरज नाही.

इथे एक चूक घराघरात होते. 'त्या अमक्याला बघ, त्याला पायच नाहीत, तुला आहेत ना? मग आभार मान.' दुसऱ्याच्या दुर्दैवावर उभी केलेली कृतज्ञता टिकत नाही. त्यात भीती जास्त असते, आणि ज्याला पाय नाहीत त्याचाही त्यात अपमानच होतो. तो बिचारा कदाचित तुमच्यापेक्षा नियमित व्यायाम करत असेल. तुलना काढून टाका. तुमच्या पायांनी काल काय केलं, एवढंच बघा.

५. मधला जोर: इथे गप्प राहायचं

सगळ्यात जास्त गोंधळ या टप्प्यात होतो, म्हणून इथे जरा थांबू.

दम लागलेला असताना, वजन उचलताना किंवा रस्ता ओलांडताना कृतज्ञतेचा विचार करायचा नाही. त्या वेळी लक्ष श्वासावर, पाऊल कुठे पडतंय यावर आणि विजापूर रोडवरून मागून येणाऱ्या गाडीवर हवं. वजन उचलताना मनात काही घोळवलं की लोक नकळत श्वास धरून ठेवतात. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. रक्तदाबाच्या रुग्णांनी तर हे मुळीच करू नये. जोर लावताना श्वास बाहेर, परत येताना श्वास आत. तेव्हा मनात फक्त आकडे.

कृतज्ञतेची जागा आहे ती मधल्या विश्रांतीत. दोन सेटमध्ये आपण मिनिटभर थांबतोच. त्या मिनिटात मोबाइल बघण्याऐवजी एक गोष्ट करा: आत्ता ज्या स्नायूने काम केलं त्यावर हात ठेवा आणि श्वास खाली येऊ द्या. बैठका मारल्या असतील तर हात मांडीवर, जोर मारले असतील तर छातीवर आणि दंडावर. हाताखाली ऊब लागते, नाडी लागते, घाम लागतो. एवढंच. पुढचा सेट.

चालणाऱ्यांना सेट नसतात. त्यांनी फेरीतली एक खूण ठरवावी: एखादं झाड, एखादा बाक, पार्क मैदानाचं एखादं फाटक. ती खूण आली की वीस पावलं वेग थोडा कमी करायचा. जोर बरोबर आहे का तेही तिथेच तपासून घ्या. सोबत्याशी बोलता येत असेल पण गाणं म्हणता येत नसेल, तर जोर मध्यम आहे. गाणंही म्हणता येत असेल तर थोडं भरभर चाला. दोन शब्दही निघत नसतील तर वेग उतरवा.

आता या टप्प्यातला खरा धोका. कृतज्ञतेच्या नावाखाली दुखणं झाकलं जातं. 'शरीर एवढं करतंय, मग थोडं सहन करू.' नाही. फरक ओळखायला शिका. नवा व्यायाम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या बोथट दुखतात आणि हळूहळू उतरतात, ते चालतं. सांध्यात एका बाजूला टोचल्यासारखं दुखणं, सूज, पाय टेकवताना कळ येणं हे चालत नाही. तिथे व्यायाम थांबवायचा आणि दाखवून घ्यायचं. दुखतंय हे कळणं हेही शरीराचं कामच आहे, त्याचं ऐका.

*इशारा:* छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, अचानक धाप, डोळ्यापुढे अंधारी असं काही वाटलं तर लगेच थांबा, बसा आणि सोबतच्याला १०८ला फोन करायला सांगा. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना हातपाय थरथरून घाम फुटला तर साखर उतरलेली असू शकते. खिशात साखरेची पुडी किंवा गोड गोळ्या ठेवा. उन्हाळ्यात पाण्याची बाटली विसरलात तर त्या दिवशी व्यायाम अर्धाच करा.

६. अंग थंड होताना: खरी जागा ही

शेवटची फेरी संपली की धपकन बाकावर बसू नका. व्यायामात पायांकडे भरपूर रक्त गेलेलं असतं. एकदम थांबलं की ते तिथेच साठतं आणि गरगरतं. पाच-सात मिनिटं सावकाश चाला. श्वास सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा थोडा लांबवा. श्वास शांत झाला की मगच पुढचं.

आता स्वतःला एकच प्रश्न विचारा: आजचा व्यायाम कुणामुळे झाला?

उत्तरात तीन गोष्टी यायला हव्यात: कोण, त्याने काय केलं, आणि त्यामुळे मला काय जमलं. तिन्ही नसतील तर वाक्य कच्चं आहे.

कच्चं: 'माझ्या कुटुंबाचा मी आभारी आहे.'
पक्कं: 'वहिनीने काल रात्रीच पिंप भरून ठेवलं, म्हणून आज मला पावणेसहाला बाहेर पडता आलं.'

कच्चं: 'शरीर साथ देतंय, धन्य आहे.'
पक्कं: 'डावा गुडघा दुसऱ्या फेरीपर्यंत गप्प होता. फिजिओने सांगितलेले पायाचे व्यायाम या आठवड्यात चुकवले नाहीत, म्हणून.'

दुसऱ्या उदाहरणात थोडं श्रेय स्वतःलाही आहे. ते द्यायला लाजू नका. आपल्याकडे स्वतःचं कौतुक म्हणजे गर्व असं लहानपणापासून भरवलेलं असतं, त्यामुळे लोक हा भाग गिळून टाकतात.

रोज एकच माणूस, एकच वाक्य. आज काही सुचलंच नाही तर शेवटच्या पानावरची यादी आठवा. तरीही सुचलं नाही तर सोडून द्या आणि घरी जा. घरात दुखवटा असेल, नोकरी गेली असेल, मनात कुणाबद्दल संताप असेल, तर ओढूनताणून आभार मानण्यात अर्थ नाही. अशा दिवशी नुसतं चालणंही पूर्ण आहे. आणि उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर वहीवर विसंबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

*तपासणी:* वाक्यात नाव आहे का? क्रियापद आहे का? कालचंच वाक्य आज पुन्हा आलं का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर उद्या दुसरा माणूस घ्या.

७. लिहायचं आठवड्यातून एकदाच

हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल, कारण सगळीकडे रोज लिहा असंच सांगतात. रोज लिहिणाऱ्यांच्या वह्या चाळा. तिसऱ्या आठवड्यापासून 'आरोग्य, कुटुंब, सूर्यप्रकाश' हेच शब्द फिरत असतात.

एमन्स आणि मॅक्कलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा २००३चा अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. त्यातल्या एका गटातल्या विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, कृतज्ञता वाटणाऱ्या पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या गटाने कटकटी लिहिल्या. कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा पहिल्या गटाने जास्त वेळ व्यायाम केल्याचं सांगितलं. हे त्यांनी स्वतः सांगितलेलं होतं, कुणी घड्याळ लावून मोजलं नव्हतं, तेव्हा त्यावर फार इमले बांधू नयेत. सोन्या ल्युबोमिर्स्की या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगातही आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांपेक्षा एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला. रोजचं झालं की त्यातली धार जाते.

म्हणून रविवारी, नाश्त्याच्या आधी, वहीत पाच ओळींपर्यंत लिहा. आठवड्यातली पक्की वाक्यं आठवतील तेवढीच. आठवली नाहीत ती गेली, त्यांच्यामागे धावू नका. वर तारीख, खाली त्या आठवड्यात किती दिवस व्यायाम झाला तो आकडा.

८. पोचवा

इथवर येऊन बहुतेक जण थांबतात. वहीतला माणूस वहीतच राहतो.

आठवड्याला एका माणसापर्यंत आभार पोचवा. पण आपल्या घरात आईला, वहिनीला कुणी 'आभारी आहे' म्हणत नाही. म्हटलं तर तब्येत बरी आहे ना, असं विचारतील. म्हणून दोन गोष्टी जोडा: काय झालं ते सांगा आणि लगेच एखादं काम उचला.

'वहिनी, तुम्ही रात्रीच पाणी भरून ठेवलंत ना, म्हणून माझं चालणं होतंय. पुढच्या पाण्याला तुम्ही झोपा, मी भरतो.'

'काय भावजी, आज काय काढलंय? पैसे हवेत का?'

असं होणारच. हसा आणि पुढच्या पाण्याला खरंच उठा. उठला नाहीत तर आधीचं सगळं पाण्यात गेलं समजा.

झाडणाऱ्या ताईंना दहाची नोट काढून देऊ नका, त्यांच्यासोबत सेल्फी तर नकोच. 'ताई, तुम्ही पहाटे झाडता म्हणून इथं चालता येतं', असं थांबून, नजर देऊन म्हणा आणि आपली रिकामी बाटली घरी न्या. बाकावरची दुसऱ्याची बाटलीही उचललीत तर उत्तमच. वस्तादांना तोंडी आभार फारसे आवडत नाहीत. वेळेवर जाणं आणि नव्या पोराला एक बैठक नीट शिकवणं त्यांना जास्त कळतं.

*नेहमीची चूक:* हे सगळं व्हॉट्सॲप स्टेटसवर टाकणं. माणसाला सांगायच्या आधी जगाला सांगितलं की माणसाला सांगायचं राहून जातं.

९. खंड पडला तर परत येण्याचा क्रम

खंड पडणारच. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरतं, लग्नसराईत जागरणं होतात, पावसाळ्यात ताप येतो. परत सुरू करताना लोक पुन्हा पहिल्या दिवसाच्या उत्साहाने वहीपासून सुरुवात करतात. उलट करा.

पहिले तीन दिवस फक्त व्यायाम, आणि तोही निम्मा. चौथ्या दिवसापासून शेवटचा प्रश्न, म्हणजे सहावा टप्पा. नंतरच्या आठवड्यात बूट बांधतानाची आणि विश्रांतीतली जागा. वही त्यानंतरच्या रविवारी. ताप येऊन गेला असेल तर अंगात ताकद येईपर्यंत हळू चालण्याच्या पुढे जाऊ नका. दुखापतीनंतर फिजिओ सांगतील तोच व्यायाम, तेवढाच.

महिन्यातून एकदा वहीतले रविवारचे आकडे एकाखाली एक बघा. व्यायामाचे दिवस कमी होत असतील आणि वाक्यं मात्र सुंदर होत चालली असतील, तर महिनाभर वही बंद ठेवा आणि पहिल्या टप्प्यावर परत या. आकडे टिकून असतील, पण तीच दोन नावं फिरत असतील, तर शेवटच्या पानावरची यादी नव्याने करा. या वेळी ज्यांची नावं अजून विचारलेली नाहीत, त्यांच्यापासून सुरुवात करा.